हरिचंद्राच्या वतीने

मांजर्लीच्या हरिचंद्र भोईराने पंधरा वर्षांच्या निष्कलंक नोकरीबद्दल मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ कंपनीच्या पाण्याच्या टाकीत फेकलं, तेव्हा त्यात साडेअकरा वाजले होते. ही वेळ सगळ्यांच्या पक्की लक्षात राहिली, कारण घड्याळ बाहेर काढलं तेव्हाही त्यात साडेअकराच वाजले होते.

ही अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. हरिचंद्र अंबरनाथच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर होता. पंधरा वर्षांत त्याने एकही जॉब बिघडवला नव्हता, एकही खाडा केला नव्हता आणि खात्यातल्या लोकांच्या आठवणीप्रमाणे एकही पूर्ण वाक्य उच्चारलं नव्हतं. सत्काराच्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी घड्याळ हातात दिलं आणि म्हणाले, "दोन शब्द बोला." हरिचंद्र माईकसमोर गेला. घसा साफ केला. तोंड उघडलं. तेवढ्यात युनियनचे पुढारी लगबगीने पुढे आले. "हरिचंद्र बिचारा काय बोलणार! त्याच्या वतीने मीच बोलतो," म्हणून त्यांनी माईक ओढला आणि हरिचंद्राच्या मनात या क्षणी काय काय भावना दाटून आल्या आहेत ते वीस मिनिटं सांगितलं. एकविसाव्या मिनिटाला घड्याळ टाकीत गेलं.

मॅनेजर भला माणूस. त्याने कंपनीच्या डॉक्टरला बोलावलं. डॉक्टरने नाडी पाहिली, जीभ पाहिली, शरीर ठणठणीत असल्याचं जाहीर केलं आणि उल्हासनगरातल्या एका मनाच्या डॉक्टरणीच्या नावे चिठ्ठी लिहून दिली. दसऱ्याच्या आत तिचा कागद आणायचा, मग कामावर यायचं. नाही आणला तर लेथ दुसऱ्याला. हरिचंद्र एवढंच ऐकून पांढरा पडला. पंधरा खंडेनवम्या त्या लेथला झेंडूचा हार त्यानेच घातला होता. घरात देखील इतका जीव त्याने कशावर लावला नव्हता, निदान तसं बोलून दाखवलं नव्हतं.

बोलून दाखवायचं खातं घरात त्याच्याकडे नव्हतंच. ते आईकडे, म्हणजे जनाबाईकडे होतं आणि लग्नानंतर त्यातला अर्धा कारभार बायकोकडे, वेणूकडे आला होता. "हरिचंद्र, कसा हायेस?" असं कुणी वाटेत विचारलं, तर "बरा हाय, जरा गॅस धरलाय पोटात," हे जनाबाई सांगायची आणि "रात्री दोन वेळा उठले," ही भर वेणू घालायची. हरिचंद्र मधे उभा राहून दोघींकडे आळीपाळीने बघायचा, जणू त्यालाही ती बातमी नवीन होती. एका पावसाळ्यात तो पहाटे दारात उभा राहून म्हणाला होता, "पाणी येतंय." जनाबाई आतून म्हणाली, "त्याला वाटतंय तसं. झोप लागली नाय त्याला." तासाभराने उल्हास नदी घरात आली आणि तांदळाची कणगी घेऊन गेली. तेव्हापासून त्याने हवामानाविषयी बोलणंही बंद केलं.

चिठ्ठी घरी आली तेव्हा हरिचंद्र जेवत होता. त्याने मान वर केली.

"माजा पोऱ्या येडा नाय," जनाबाई म्हणाली. "तो नाय जायचा."

हरिचंद्राने मान खाली घातली.

"पन कागद तर पायजे," वेणू म्हणाली. "लेथ जाईल ना."

"मंग तू जा की! त्याला कशाला जायला पायजे?"

यात कुणालाच काही विचित्र वाटलं नाही. आमच्याकडे भगताकडे जाताना रोग्याला कुणी नेत नाही. रोगी घरी पडून राहतो. त्याच्यावरून मूठभर तांदूळ सात वेळा उतरवायचे, रुमालात बांधायचे आणि दुसऱ्या कुणीतरी घेऊन जायचं. भगत ते दाणे सुपात टाकून वाचतो. बारवीकडच्या वाडीवर वाळू भगताकडे हरिचंद्राचे तांदूळ आधीच जाऊन आले होते. वाळूने दाणे उलटसुलट केले, कपाळाला आठ्या घातल्या आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "तांदूळ पन गप हायेत." तेव्हा आता मोठ्या भगतिणीकडे. जनाबाईने नवीन तांदूळ उतरवले, हरिचंद्राच्याच चौकड्यांच्या रुमालात बांधले आणि मंगळवारी वेणू उल्हासनगरला गेली.

कौशल्या थदानी मॅडमचा दवाखाना कॅम्प तीन या भागात त्यांचे भाऊ टेकचंद यांच्या फर्निचरच्या दुकानावर, माळ्यावर होता. बहिणीने मुंबईला जाऊन मानसशास्त्र शिकावं आणि वर लोकांचं नुसतं ऐकत बसावं, हे टेकचंदना कळत नव्हतं. पण त्यांनी जागा दिली होती आणि बसायला दुकानातल्याच खुर्च्या. अट एकच. गिऱ्हाइकाला पसंत पडली तर खुर्ची खाली जाणार.

वेणूने रुमाल टेबलावर ठेवला.

"पेशंट कुठे आहेत?" मॅडमनी विचारलं.

"ह्ये काय."

मॅडमनी रुमालाकडे पाहिलं. मग फॉर्म ओढला. "नाव काय पेशंटचं?"

वेणू लाजली. नवऱ्याचं नाव तिने बारा वर्षांत एकदाच घेतलं होतं, तेही उखाण्यात. "त्यो राजा नाय का," ती म्हणाली, "ज्याने सपनात राज देऊन टाकलं."

मॅडमनी लिहिलं, 'प्रॉपर्टीचा वाद.'

"मंग बायको-पोर विकली."

मॅडमचं पेन थांबलं.

"मंग मसणात राखण केली."

"आत्ता कुठे असतात ते?" मॅडमनी जपून विचारलं.

"मांजर्लीला. लेथवर हायेत."

बऱ्याच वेळाने मॅडमना उलगडा झाला. "हरिचंद्र! अच्छा, नाव सांगत होता तुम्ही!" त्यांनी फॉर्म फाडला आणि दुसरा घेतला. "हे बघा वेणूबाई, मला तांदूळ वाचता येत नाहीत."

"अजिबात?" वेणूला तिची दया आली. एवढी शिकलेली बाई.

"अजिबात. माझ्याकडे जो येतो ना, त्याच्याशीच मी बोलते. एका वेळी एक माणूस. दुसऱ्याच्या वतीने नाही चालत."

"पन मी तर त्यांच्याच वतीनं आलेय. माझं काय बोलू? मना काय झायलंय?"

थदानी मॅडम तरुण होत्या, पण मूर्ख नव्हत्या. पुस्तकात दोन खुर्च्यांचा एक प्रकार होता, दुसऱ्या खुर्चीत बसलं की दुसरं माणूस व्हायचं. तांदळाचा उल्लेख नव्हता, पण पुस्तक लिहिणारा उल्हासनगरचा नव्हता. त्यांनी समोरची खुर्ची दाखवली. "तिथे बसा. तांदूळ मांडीवर घ्या. आता तुम्ही त्यांच्या वतीने नाही. तुम्हीच ते. सांगा, नाव काय?"

वेणू बसली. रुमाल घट्ट धरला. डोळे मिटले आणि एका दमात म्हणाली, "मी हरिचंद्र."

जीभ झडली नाही. माळा कोसळला नाही. खाली कुणीतरी कपाटाचं दार उघडझाप करून पाहत होतं, तेवढंच.

पुढचा तासभर वेणूने हरिचंद्र होऊन उत्तरं दिली. झोप? कमी. भूक? मध्यम. भाजी कुठली आवडते? दुधी, फार. भीती? गाईची. राग? छे, राग येतच नाही. मॅडम लिहीत होत्या. शेवटी म्हणाल्या, "एकतीस गोष्टी सांगितल्या तुम्ही. यातल्या त्यांनी स्वतःच्या तोंडाने किती सांगितल्यात?"

वेणू हसली. "त्यांनी कशाला सांगायला पायजे? मना म्हाईत हाय ना."

"पुढच्या मंगळवारी या."

घरी जनाबाई वाट बघत होती. "दोरा दिला?"

"नाय."

"अंगारा?"

"नाय."

"मंग केलंन काय तिनं?"

"काय नाय. मीच बोलत होते तासभर."

"तुजं आयकायला उल्हासनगर कशाला पायजे? हितं आमी रोज आयकतोय!"

हरिचंद्र ओटीवर बसून विळीला धार लावत होता. त्याने एकदा वेणूकडे पाहिलं. काहीतरी विचारायचं असावं. जनाबाई म्हणाली, "त्याला चहा पायजेल," आणि त्याला चहा मिळाला.

दुसऱ्या मंगळवारी हरिचंद्राची खुर्ची विकली गेली होती. वेणूला उगाच वाईट वाटलं. नवीन खुर्ची वेताची होती आणि तिला मागे किमतीची चिठ्ठी लटकत होती. तीत बसून तिने हरिचंद्राचं बालपण सांगितलं. तेही तिने जनाबाईकडून ऐकलं होतं. मॅडमनी मधेच विचारलं, "हरिचंद्र, तुमची बायको कशी आहे?"

वेणू खुशीत आली. "चांगली हाय. सगळं बगते. मना काय लागतं, काय नाय…" आणि ती अडकली. बराच वेळ अडकली. "...तिला काय लागतं, ते मना म्हाईत नाय," असं तिच्या तोंडून गेलं आणि तिने चमकून मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"हे कोण बोललं?" मॅडमनी हळूच विचारलं.

"त्येच," वेणू म्हणाली. पण तिची खात्री नव्हती.

तिसऱ्या मंगळवारी थदानी मॅडमनी निराळाच खेळ मांडला. त्या स्वतः उठून वेणूच्या शेजारी बसल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "आज मी वेणू. तुम्ही हरिचंद्र आहातच. प्रश्नही मीच विचारीन, आणि उत्तराच्या वेळी वेणू जशी वागते तशी वागेन." मग आधी त्यांनी कुणा तिऱ्हाइताचा आवाज काढून विचारलं, "काय हरिचंद्र, बरे आहात?"

"हां, मी…"

"बरे आहेत," मॅडम वेणूच्या सुरात म्हणाल्या. "जरा गॅस आहे."

"गॅस नाय, मना…"

"झोप नाही लागत त्यांना."

"लागते झोप! मना बोलायचंय की…"

"त्यांना दुधी करून घालते मी. फार आवडतो."

"आवो आयका तरी…"

"लाजतात ते. मीच सांगते त्यांचं."

वेणूच्या कानशिलात काहीतरी तापलं. "थांबा!" ती म्हणाली. मॅडम थांबल्या नाहीत. "त्यांना राग येत नाही हो. गरीब स्वभाव आहे." "थांबा बोलते ना!" "पाणी हवं असेल त्यांना." वेणू उभी राहिली, तोंडातून एक किंकाळी गेली आणि हातातला तांदळाचा रुमाल तिने जिवाच्या करारावर भिरकावला. खिडकी उघडी होती.

खाली दुकानाच्या दारात मोहने गावचं एक लग्न ठरलेलं जोडपं दोन्हीकडच्या मंडळींसह एका पलंगापाशी उभं होतं. पाऊण तास त्यांचं घेऊ की नको चाललं होतं. अंबरनाथला आणखी एक दुकान बघू म्हणत मंडळी निघणारच होती. एवढ्यात रुमालाची गाठ सुटली आणि वरून दोघांच्या डोक्यावर बरोबर अक्षता पडल्या. नवरीच्या आईने हात जोडले. पलंग तर गेलाच, वर एक आरसाही गेला. टेकचंद जिना चढून आले आणि दारातून वाकून बहिणीला म्हणाले, "कौशल्या, ये इलाज बहुत अच्छा है. शनिवार को भी रखो."

ते जिना उतरून गेले. वेणू खाली बसली होती, खुर्चीत नव्हे, जमिनीवर.

"मी असती तर," ती म्हणाली, "घड्याळ टाकीत नसतं टाकलं. माणूस टाकला असता."

मॅडम त्यांच्या जागेवर जाऊन बसल्या. काही बोलल्या नाहीत. हे त्यांना फार चांगलं जमायचं. त्यांच्या गप्प बसण्यात जागा असायची, माणसाने येऊन बसावं अशी.

"मी अशी नव्हते हो," वेणू म्हणाली. या वेळी ती कुणाच्याच वतीने बोलत नव्हती. "लग्न होऊन आले तवा सासू माझं सांगायची. पंगतीत कुणी वाढायला आलं की म्हणायची, 'तिला नको, ती कमी खाते.' मी उपाशी उठायची. दोन वर्सं काढली तशी. मंग मना कळलं, या घरात जो आधी बोलला तो जेवला. मंग मी आधी बोलायला लागले." तिने पदराने नाक पुसलं. "आधी माझं बोलायचं होतं. त्यांचं कधी बोलायला लागले, म्हाईत नाय."

"आणि तुमचं?"

"माझं र्‍हायलंच." वेणूला हसू आलं. "काय मेली मी तरी."

चौथा आणि पाचवा मंगळवार वेणूने स्वतःच्या नावावर घालवला. तांदूळ नेले नाहीत. जनाबाईला सांगितलं की भगतिणीने आता दाण्यांशिवाय बघायला घेतलंय. पण दसरा आठवड्यावर आला होता, आणि न भेटलेल्या माणसाचा कागद लिहायला मॅडम काही केल्या तयार नव्हत्या. "ते येतील," त्या म्हणाल्या. "त्यांना विचारलंत का?"

वेणूने आठवून पाहिलं. जनाबाईला विचारलं होतं. वाळू भगताला विचारलं होतं. तांदळाला विचारलं होतं.

शनिवारी जनाबाई बेलवलीला बहिणीकडे गेली, ती संधी साधून वेणूने चहाचं आधण ठेवलं आणि ओटीवर जाऊन नवऱ्यासमोर बसली. "चहा घ्याल?" तिने विचारलं आणि दात गच्च आवळले.

हरिचंद्राने आजूबाजूला पाहिलं. उत्तर देणारं माणूस कुठे दिसेना. तो पुन्हा वेणूकडे बघू लागला. वेणूच्या जिभेवर 'घेतील, घेतील' नाचत होतं. तिने पायाचा अंगठा दुसऱ्या पायाखाली दाबून धरला. आत आधण उकळून निम्मं झालं. एक कोंबडी घरात गेली, सगळं घर बघून परत आली. शेजारच्या सखूने कुंपणावरून डोकावलं, हे दोघं एकमेकांकडे बघत बसलेत म्हटल्यावर तोंडावर हात घेऊन निघून गेली.

"नको," हरिचंद्र म्हणाला.

वेणूच्या डोळ्यांत पाणी आलं. बारा वर्षं ती त्याला या वेळी चहा पाजत होती.

"मना संध्याकाळी चहा सोसत नाय," तो हळूहळू, एकेक शब्द तपासून ठेवत म्हणाला. आवाज चांगला होता. जरा गंजलेला, एवढंच. मग बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "ती बाई बोलते, का आयकते?"

"आयकते."

"मंग मंगळवारी मी जातो."

"मी येऊ संगती?" वेणूने विचारलं, आणि पुन्हा अंगठा दाबला.

"ये," हरिचंद्र म्हणाला. "पन खाली बस."

मंगळवारी वेणू टेकचंदच्या दुकानात एका सोफ्यावर बसून राहिली. टेकचंदनी तिच्यासाठी थंडा मागवला. वेणूकडे ते आता शुभशकुन म्हणून बघत. "भाभी, भाईसाहब को तकलीफ क्या है?" त्यांनी विचारलं.

वेणूचं तोंड उघडलं. मिटलं. "ते खाली आले की त्यांना विचारा," ती म्हणाली. एवढं बोलताना तिला घाम फुटला.

वरून अर्धा तास काही आवाज आला नाही. मग पुरुषाचा आवाज येऊ लागला. शब्द कळत नव्हते. आवाज थांबेना. एकदा मॅडम खळखळून हसल्या. एकदा कुणीतरी नाक शिंकरलं. वेणूने सोफ्याच्या हातावरचं प्लास्टिक पार कुरतडून काढलं. जिन्याची पहिली पायरी दोनदा चढली आणि दोनदा उतरली.

हरिचंद्र खाली आला तेव्हा त्याच्या हातात कागद होता. काय बोललात, हे वेणूने विचारलं नाही. स्टेशनपर्यंत नाही, गाडीत नाही, मांजर्लीच्या वाटेवरही नाही. माझ्या मते त्या सबंध वर्षात ठाणे जिल्ह्यात कुणी केलेलं ते सर्वांत अवघड काम होतं.

जनाबाई दारातच होती. "काय बोलली बाई?" तिने वेणूला विचारलं.

वेणू पाणी पीत होती. तिने घोट गिळला नाही, तोंडात तसाच धरून ठेवला आणि गाल फुगवून नवऱ्याकडे बोट केलं.

"त्याला काय विचारायचं? त्याला…"

"आये," हरिचंद्र म्हणाला, "मना विचार."

जनाबाई ओटीच्या कडेला बसली. मग हरिचंद्र बोलला. तो दिवेलागणीला सुरू झाला आणि जेवणं झाली तरी बोलतच होता. पंधरा वर्षांची शिल्लक होती. लेथ कसा चालतो, तो बिघडायच्या आधी कसा कण्हतो. पुढाऱ्याने माईक ओढला तेव्हा त्याला फक्त 'मशीन चांगली हाय' एवढंच सांगायचं होतं. गाईला तो कधीच भ्याला नव्हता, भ्याला होता तो गाईचा मालक. पुराच्या दिवशी त्याला झोप चांगली लागली होती, पाणी दिसलं म्हणून तो उठला होता. आणि दुधी. दुध्याबद्दल तो एवढा वेळ आणि इतक्या पोटतिडकीने बोलला की वेणूने उठून दारातला वेल रात्रीच उपटायला घेतला. "राहू दे," तो म्हणाला, "सखूला दे."

जनाबाई शेवटी एवढंच म्हणाली, "तुजा आवाज तुझ्या बापासारका हाय रं." आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी हरिचंद्राने कागद मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यावर थदानी मॅडमनी तीन ओळी लिहिल्या होत्या: "श्री. हरिचंद्र भोईर यांना मी स्वतः भेटले. ते कामावर येण्यास योग्य आहेत. त्यांना काही विचारल्यास कृपया उत्तराची वाट पाहावी." साहेबांनी कागद दोनदा वाचला. मग विचारलं, "लेथवर जाणार ना?" आणि वाट पाहिली. युनियनचे पुढारी मधे पडत होते, त्यांना साहेबांनी हाताने थांबवलं. साहेबांच्या नोकरीतही हे पहिल्यांदाच घडत होतं.

"जाणार," हरिचंद्र म्हणाला. खंडेनवमीला हार त्यानेच घातला.

दसऱ्यानंतरच्या मंगळवारी वेणू निघायची तयारी करत होती. ती आता आपल्या नावावर जात होती, तिचं पुष्कळ राहिलं होतं. स्वयंपाकघरात जनाबाई भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि मुठीत तांदूळ घेऊन स्वतःच्याच डोक्यावरून उतरवायचा प्रयत्न करत होती. एकट्याने ते जमत नाही. चौथ्या फेरीला हात मानेमागे अडकायचा आणि दाणे पाठीवरून सांडायचे.

वेणूला पाहून ती ओशाळली. मूठ पुढे केली. "घेऊन जा. तिला सांग, सासूला…" आणि पुढचं काही सुचेना. "तुला म्हाईत हाय सगळं. तूच सांग माझ्या वतीनं."

वेणूला खरोखरच सगळं माहीत होतं. पंगतीपासूनचं. तिने पायाचा अंगठा दाबला आणि वाट पाहिली. भात उकळायला लागला. कोंबडी आत आली, परत गेली.

जनाबाईने मुठीतल्या तांदळांकडे पाहिलं, मग ते उकळत्या भातात टाकले आणि हात पदराला पुसला.

"थांब," ती म्हणाली. "मना लुगडं बदलू दे."